सहावा गोळा पुराव्याला

वरवट बकालमध्ये इंद्रभानला चहा पाजणं सोपं नव्हतं. कप पुढे केला की तो आधी पत्तीचा पुडा मागायचा. पुड्यावरची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा, मान हलवायचा आणि मगच कपाला तोंड लावायचा. तळाशी घोटभर चहा उरला की खिशातून औषधाची धुतलेली बाटली निघायची. उरलेला घोट बाटलीत, बाटलीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव, गाव, तारीख. चहा पाजणाऱ्याला वाटायचं, हा बाबा आपल्यावर विष घातल्याचा आळ घेतो की काय. तसं काही नव्हतं. तो सख्ख्या बहिणीच्या घरीही असाच वागायचा.

हे खूळ जन्मापासूनचं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांपैकी छप्पन वर्षं तो चारचौघांसारखा माणूस होता. बिल खिशात चुरगाळायचा, ताट चाटून पुसून जेवायचा आणि दुकानदार म्हणेल ते ऐकायचा. मग २०१७ साल आलं. दिवाळीच्या आसपास त्याने चार एकरांतल्या कपाशीचं एक हिरवंगार टंच बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी घरच्यासारखी बसलेली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तीच गत. बियाणं बीटीचं होतं. म्हणजे ते खाऊन अळीने मरायला पाहिजे होतं, पण अळीला हे कोणी कळवलेलं नव्हतं.

तो बियाणं विकणाऱ्याकडे गेला. त्याने इंद्रभानला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हवामान, शेजाऱ्याचं रान, फवारणीची वेळ असं सगळं नीट समजावून सांगितलं. इंद्रभानला ते पटलं. अगदी समाधानाने तो घरी आला, पोटभर जेवला आणि हात धुताना त्याच्या लक्षात आलं की कपाशी तर गेलीच. मग तो कचेरीत गेला. तिथे त्याच्याकडे बिल मागितलं. ते सदऱ्याच्या खिशात धुऊन निघालं होतं. बियाण्याचं पाकीट मागितलं. त्यात बायकोने, अन्नपूर्णाने, अंबाडीचं बी भरलं होतं आणि वरचा छाप घासून काढला होता. शेवटी मूठभर बियाणं मागितलं, नमुन्यादाखल. ते सगळं पेरलं होतं. पेरायलाच तर घेतलं होतं.

कपाशी गेल्याचं दुःख होतंच, पण ती साऱ्या गावाची गेली होती. आपलं नुकसान झालं हे एकाही कागदावर उमटलं नाही, याचं दुःख मात्र इंद्रभानचं एकट्याचं होतं, आणि ते त्याला कपाशीपेक्षा जास्त लागलं. त्या दिवसापासून त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल, वेष्टन आणि थोडा नमुना जपून ठेवायचा. आणि दुसरी म्हणजे विकणाऱ्याला कधी काही विचारायचं नाही. विचारलं की तो समजावून सांगतो आणि आपल्याला पटतं.

घरात पत्र्याची एक मोठी पेटी होती, ती पुराव्याची झाली. छत्री घेतली तर छत्रीच्या काठाची बोटभर चिंधी पेटीत. दाढी केली तर न्हाव्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायची आणि चिठ्ठीत चार केस बांधायचे. मुलगी वंदना हिचं लग्न झालं तेव्हा मांडववाल्याची पावती, लग्नपत्रिका आणि चिमूटभर अक्षता अशी पुडी त्याने स्वतः बांधली.

"अजी, हे कोन्या ऑफिसात नेसान?" अन्नपूर्णाने विचारलं होतं.

"ऑफिस मंग पाहू. उद्या काही झालं तं पुरावा पाह्यजे."

जेवतानाही तेच. शेवटचा घास पुराव्याचा. भाकरीचा कोपरा, वांग्याची फोड, पिठल्याची बोटभर चव, सगळं कागदात. गेल्या दोन वर्षांत या माणसाने कुठल्याही पदार्थाचा शेवटचा घास खाल्ला नव्हता. अन्नपूर्णाने आधी वाद घातला, मग रडून पाहिलं आणि शेवटी तीच त्याच्या ताटात एक घास जास्त वाढायला लागली. बायका किती गोष्टी अशा निमूट जमवून घेतात, त्याचा पुरावा मात्र कोणी ठेवत नाही.

बसस्टँडच्या बाजूला शकूर पिंजाऱ्याचं गादी-रजईचं दुकान होतं. शकूर आणि इंद्रभान एका वर्गात शिकलेले आणि एकाच मास्तरचा मार खाल्लेले. शकूरला कापसाच्या धुळीने दमा जडला आणि पिंजायचं बंद झालं, तेव्हा त्याचा मुलगा वकार पुण्याकडून परत आला. तिकडे एका कारखान्यात जपानी साहेब लोक होते आणि वकार सात वर्षं त्यांच्या कॅन्टीनला होता. २०१९च्या पावसाळ्यात त्याने दुकानातली म्हातारी मशीन मागे ढकलली, आढ्यावरचा कापूस तीन दिवस झटकला आणि बाहेर पाटी लावली: वकार जपानी पार्सल. अप्प्यांच्या पात्रासारखं, पण त्याच्या चौपट मोठं लोखंडी पात्र त्याने खामगावहून ओतून आणलं होतं. त्यात तो मैद्याच्या पिठाचे लिंबाएवढे गोळे भाजायचा. आत कोबी, मका आणि आलं, वर गुळचट-आंबट काळा रस आणि पांढऱ्या मलईची नक्षी. एका खोक्यात सहा.

गावाने आधी पाटी वाचली, मग दुकानात डोकावून पाहिलं. बसायला बाक नव्हता.

"खाचं कुठी?" कोणीतरी विचारलं.

"घरी न्याचं. पार्सल हाये."

"घरीच खाचं तं घरीच नाई का बनवनार?"

वास मात्र फार चांगला होता. लोक खोका न्यायला लागले. घरी जाऊन, हातपाय धुऊन, देवाला दिवा लावून खोका उघडायचे, तोवर गोळे गार झालेले असायचे. तरी लोक आवडीने खायचे. गरम गोळा कसा लागतो हे गावात फक्त इंद्रभानला माहीत होतं. घेतलेला माल दुकानाच्या फळीवरच, विकणाऱ्यासमोर उघडून तपासायचा, हा त्याचा रिवाज होता.

पहिल्या दिवशी त्याने वकारकडून बिल घेतलं आणि त्यावर लॉट नंबर टाकायला लावला. वकारने न हसता "लॉट नं. १" लिहिलं. इंद्रभानने खोका उघडला, काडीने गोळा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. वरून कुरकुरीत, आत खिरीसारखा मऊ आणि असा गरम की डोळ्यांतून पाणी आलं. तो तोंड उघडं ठेवून हा-हा करत उभा राहिला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. पाचवा संपला तेव्हा त्याला कळलं की आपण मघापासून गुणगुणतो आहोत. दोन वर्षांत त्याने अन्न तपासलं होतं, खाल्लं नव्हतं. हे त्याने खाल्लं.

सहावा गोळा बिलात गुंडाळून तो घरी गेला.

सगळा श्रावण तो रोज पाच वाजता फळीशी हजर असायचा. रोज पाच गोळे पोटात, सहावा पेटीत. पेटीकडे मुंग्यांची रांग लागली आणि महिन्याभरात पुराव्यातला माल मुंग्यांनी नेला, लेबलं तेवढी राहिली. पण इंद्रभान बदलला. बोलताना हसायला लागला. एकदा तर अन्नपूर्णाला म्हणाला, "तुह्यासाठी बी आनतो एक दिवस." आणलं मात्र नाही. गार झालेला माल बायकोला द्यायचं त्याच्या जिवावर यायचं.

श्रावण सरला, पोळा झाला, गणपती गेले. वकार म्हणाला, "काका, आता मासा चालते ना? तुमाले अस्सल जपानी खाऊ घालतो."

"चालते."

इंद्रभान बिलावरचा लॉट नंबर वाचत होता, त्यामुळे वकारने डब्यातून काय काढलं ते त्याने पाहिलं नाही. खोका हातात आला. त्याने झाकण उघडलं.

गोळ्यांवर काहीतरी हलत होतं. पातळ, फिकट गुलाबी. एक मान वर करत होतं, दुसरं अंग चोरत होतं, तिसरं वळवळत काठावरून खाली उतरायच्या बेतात होतं. सहाच्या सहा गोळ्यांवर. गोल, टंच, आणि वर गुलाबी वळवळ. क्षणभर इंद्रभान दुकानासमोर नव्हताच, चार एकरांच्या मधोमध उभा होता.

त्याने झाकण लावलं. वकार उत्साहाने म्हणाला, "कसं हाये काका?" हा समजावून सांगेल आणि आपल्याला पटेल, या भीतीने इंद्रभान तिथून जवळजवळ पळाला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या कचेरीत गेला. तक्रारीचा त्याला एकच फॉर्म माहीत होता, कापूस बियाण्याचा. तो त्याने प्रामाणिकपणे भरला. पिकाचं नाव: जपानी गोळे. लॉट नंबर: ४१. लागवडीची तारीख: काल सायंकाळी पाच. क्षेत्र: सहा नग. प्रादुर्भाव: शंभर टक्के. सोबत बिल; खोका आणि पूर्ण नमुना घरी सुरक्षित. टेबलामागच्या बाबूने फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे आमच्याकडे नाही येत."

"मंग नाई घेत म्हनून लेखी द्या."

लेखी देण्यापेक्षा शिक्का मारणं सोपं होतं. बाबूने शिक्का मारला. बाहेर येताना इंद्रभानने तो शिक्का वाळेपर्यंत उन्हात धरला. दोन वर्षांनी का होईना, त्याचं म्हणणं कागदावर उमटलं होतं.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली. वकारच्या गोळ्यात बोंडअळी निघाली. ज्यांनी महिनाभर गार गोळे खाल्ले होते, त्यांच्या पोटात एकाच दिवशी दुखायला लागलं. वकार एकेकाला सांगत होता की तो माशाचा कीस आहे, पण समजावून सांगणाऱ्यांवरून गावाचा विश्वास इंद्रभानसारखाच उडालेला होता. पाच वाजता पात्र तापायचं आणि सात वाजता रिकामंच गार व्हायचं.

आठ दिवसांनी शकूर इंद्रभानच्या ओट्यावर येऊन बसला. थोडा वेळ दम घेतला.

"तुह्यावर राग नाई," तो म्हणाला. "वकारलेबी म्या तेच सांगतलं. इंद्रभानले जे दिसलं थे त्यानं लिहिलं. पोळलेला मानूस हाये."

इंद्रभानने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"येत्या सोमवारी कमिटी कपाशी पाहाले येऊन राह्यली. त्यातच तुहा अर्ज हाये. थे झालं की वकार जाते पुन्याले. म्या म्हटलं, जाय बापा. यंदा घरी राह्यतो म्हनत होता, पन आता काय करन."

शकूर गेल्यावर इंद्रभानला जेवण गेलं नाही. अळी असेल तर आपण खरे ठरू आणि ते गोळे पुन्हा खायला मिळणार नाहीत. अळी नसेल तर आपण मित्राचा पोरगा गावातून हाकलला. दोन्हीकडून त्याचंच नुकसान होतं आणि या वेळी नुकसान करणाराही तोच होता. तो पेटीपाशी जाऊन बसला. आत लॉट नं. ४१चा खोका दोऱ्याने करकचून बांधलेला होता. त्याला फार वाईट वाटलं, पण खोका उघडून पाहायचं धाडस झालं नाही.

सोमवारी कमिटी आली. कृषी खात्याच्या मॅडम, एक शास्त्रज्ञ आणि बियाणं कंपनीचा एक प्रतिनिधी. आठ शेतं पाहून झाली तेव्हा मॅडमनी नववा फॉर्म काढला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "अर्ज आला आहे म्हणजे पाहणी करावी लागेल." तिघं शकूरच्या दुकानासमोर उभे राहिले. मागे अख्खं गाव.

"नमुना?" मॅडम म्हणाल्या.

इंद्रभानने खोका पुढे केला, दोरा सोडला, झाकण उघडलं. कमिटीने रुमाल नाकाला लावले. गोळे दगड झाले होते. वरचं जे काय होतं ते सुकून चिकटलेलं, निपचित. शास्त्रज्ञाने भिंग काढलं.

"ही अळी नाही. मासा आहे."

"साहेब, मासा दोन दोन इंच वळवळत होता. म्या सोता पाह्यला."

"जिवंत नमुना पाहिजे," शास्त्रज्ञ म्हणाला. "रीत अशी आहे की शेतातून कुठलीही वीस बोंडं घ्यायची आणि फोडून मोजायचं."

म्हणून वकारला वीस गोळे भाजायला सांगितले. त्याने पात्र तापवलं, पीठ ओतलं, सुईने एकेक गोळा फिरवला. वासाने गाव दोन पावलं पुढे सरकलं. वीस गोळे ताटात आले. वकारने डबा उघडून चिमूट चिमूट गुलाबी कीस वर टाकला आणि मागे झाला.

कीस उठला. वाकला, वळला, माना वेळावायला लागला. गाव चार पावलं मागे गेलं. एक बाई "अव माय" म्हणून मटकन बसली. मॅडमच्या हातातलं पेन पडलं. कंपनीचा प्रतिनिधी इतकी वर्षं हीच नोकरी करत होता, त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "कडेने अळीसाठी नॉन-बीटी ओळी लावल्या होत्या का?"

वकारने शांतपणे एक चिमूट कीस गार फळीवर ठेवला. तो तसाच पडून राहिला. तोच उचलून गरम गोळ्यावर ठेवला, तर नाचायला लागला. "वाळवलेला मासा हाये. रंध्यानं काढल्यावानी पातळ. खालून वाफ लागली की हालते. गार झालं की बंद. लोक पार्सल घरी नेतेत, म्हनून कोनाले दिसलं नाई. काका इथंच उघडतेत."

शास्त्रज्ञाने वीसच्या वीस गोळे फोडले, कारण रीत तशी होती. आत कोबी, मका, आलं. प्रादुर्भाव शून्य टक्के. मग फोडलेले गोळे वाया जाऊ नयेत म्हणून कमिटीने त्यांचा बंदोबस्त केला. मॅडमनी तोंड पुसून फॉर्म पुढे केला.

"समाधान झालं असेल तर सही करा, काका. नसेल तर माल प्रयोगशाळेत जाईल आणि अहवाल येईपर्यंत दुकान बंद."

"अहवाल कधी येते?"

"गेल्या वर्षीच्या कपाशीचे अजून यायचे आहेत."

इंद्रभानने वकारकडे पाहिलं. पोरगा पात्र पुसत होता. शकूर मागे मशीनला टेकून धापा टाकत होता. सगळं समजावून सांगून झालं होतं आणि इंद्रभानला ते पटलं होतं. तेवढ्यानेच तो सावध झाला. मागच्या खेपेलाही पटलंच होतं.

"खाल्ल्याबिगर सही नाई करनार," तो म्हणाला.

वकारने नवीन सहा भाजले. इंद्रभान फळीशी उभा राहिला. वळवळणारा पहिला गोळा त्याने डोळे मिटून तोंडात टाकला, आणि जिभेवर वाफ, खारट धूर, मऊ पीठ सगळं एकदम पसरलं. डोळे उघडून त्याने दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तो हा-हा करायला लागला. चौथा, पाचवा. मग सवयीने त्याचा डावा हात बिलाकडे गेला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "नमुना शिल्लक ठेवून समाधान झालं असं लिहिता येत नाही. तक्रार मिटली की पुरावाही मिटला पाहिजे."

या माणसाला शेवटचा घास खाताना दोन वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. सहावा गोळा खोक्याच्या कोपऱ्यात एकटा होता. वरचा कीस अजून हलत होता, पण हळू. इंद्रभानने काडी उचलली आणि पुन्हा ठेवली. हा खाल्ला आणि उद्या काही झालं तर? हातात काहीच राहणार नाही. बिल नाही, नमुना नाही, फक्त वकारचा शब्द.

"घाई करा काका," वकार हळूच म्हणाला, "गार होऊन राह्यला."

इंद्रभानने तो खाल्ला. खोक्याच्या तळाशी पाचही गोळ्यांचा रस ओघळून साचला होता आणि सहावा त्यातच मुरला होता. तो सगळ्यांत चांगला लागला. इतके दिवस आपण तोच मुंग्यांना घालत होतो, हे कळल्यावर त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने ते लपवले नाहीत.

त्याने सही केली. मॅडमनी विचारलं, "शिल्लक नमुना?"

"लिहा, नाई म्हनून. खाल्ला."

मग तो वकारला म्हणाला, "अजून एक खोका दे. लवकर. झाकन घट्ट लाव." वकारने खोका दिला आणि सवयीने बिल फाडायला वही ओढली. इंद्रभान थांबला नाही. दोन्ही हातांत खोका सपाट धरून तो धावत सुटला. त्याच्या मागे फळीशी रांग लागत होती, आणि प्रत्येकाला खोका तिथेच उघडून पाहिजे होता. त्याने वळून पाहिलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एक चप्पल मारुतीच्या देवळापाशी निसटली तरी थांबला नाही. लोक वाट सोडत होते. कोणाला वाटलं घरी काही बरंवाईट झालं.

अन्नपूर्णा अंगणात वाती वळत बसली होती. त्याने धापा टाकत खोका तिच्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. वाफ निघाली. सहापैकी दोन गोळ्यांवरचा कीस अजून हलत होता.

ती घाबरून मागे सरकली. "अजी, हे अळी हाये का?"

इंद्रभानने समजावून सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"हाव," तो म्हणाला. "खाय तू."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक गोळा उचलला. मग दुसरा. पाच झाल्यावर तिने सहावा सवयीने त्याच्या पुढे सरकवला, पेटीसाठी. इंद्रभानने तो काडीला टोचला आणि तिच्या तोंडाशी धरला.